छापा एकाचा, काटा दुसऱ्याचा : ठाणे-वाशीतले चार दिवस

शुक्रवार

नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसले तेव्हा पर्सच्या आतल्या कप्प्यात, मऊ सुती कापडात गुंडाळलेला अण्णांचा बिल्ला होता. अण्णा म्हणजे माझे आजोबा. शाळेत मुलांना जे बिल्ले वाटले गेले त्यातला हा एक, एवढीच त्याची घरात सांगितली जाणारी गोष्ट. पितळेचा, 28 मिलिमीटर व्यासाचा, 7.6 ग्रॅम वजनाचा, दोरा ओवायला वर भोक. छाप्यावर पंचम जॉर्ज आणि राणी मेरी, दोघांची डोकी एकामागे एक. काट्यावर मुकुट आणि त्याखाली इंग्रजीत तारीख, 12 मे 1937.

पंचम जॉर्ज वारले 20 जानेवारी 1936 ला. 12 मे 1937 ही तारीख राज्याभिषेकाची. म्हणजे हा बिल्ला त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ 16 महिन्यांनी त्यांचा राज्याभिषेक सांगतो. लहानपणी ही तारीख मी कितीदा वाचली असेल, पण त्यातली विसंगती लक्षात यायला नाण्यांच्या नादात बरीच वर्षं जावी लागली.

नाणं असो, टोकन असो की बिल्ला, धातूची चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते. आम्ही संग्राहक ठशाला डायच म्हणतो. छाप्याची एक डाय, काट्याची एक, आणि त्यांची जोडी आधी ठरलेली असते. ती जोडी बदलली, एकाचा छापा आणि भलत्याचाच काटा एकत्र आले, की त्या नगाला म्यूल म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या. पण नुसतं विचित्र दिसलं म्हणून खेचर म्हणता येत नाही. त्याचे आई-बाप दाखवावे लागतात. ज्या डायनं माझा छापा उठवला तिचाच दुसरा एखादा नग, आणि ज्या डायनं काटा उठवला तिचाही. तेच शोधायला मी निघाले होते.

छाप्याचं मूळ सोपं वाटत होतं. पंचम जॉर्ज गादीवर आल्याला 6 मे 1935 ला 25 वर्षं झाली, त्या रौप्यमहोत्सवाचे बिल्ले भरपूर निघाले. अडचण काट्याची होती. 1936 या एका वर्षात साम्राज्यानं तीन राजे पाहिले. जानेवारीत पंचम जॉर्ज गेले, मुलगा आठवा एडवर्ड गादीवर आला, त्याच्या राज्याभिषेकासाठी 12 मे 1937 ही तारीख ठरली. कारखानदारांनी त्याच्या चेहऱ्याचे बिल्ले आधीच काढून ठेवले. डिसेंबरात त्यानं गादी सोडली, धाकटा भाऊ सहावा जॉर्ज राजा झाला, आणि राज्याभिषेक मात्र ठरल्या तारखेलाच झाला. म्हणजे ‘12 मे 1937’ लिहिलेला काटा एडवर्डचाही असू शकतो आणि सहाव्या जॉर्जचाही.

ठाण्याला उतरले, रिक्षा केली आणि नौपाड्यात आत्याकडे पोचले. चहा ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, “अगं, अण्णांचा बिल्ला तुझ्याकडे आहे होय? मी इतकी वर्षं कपाटं धुंडाळतेय.” तिच्या तळहातावर ठेवला. तिनं अंगठा फिरवला, भोकाशी थांबली. “याला काळा दोरा होता. किती काळवंडलाय गं, चिंच लावून लख्ख करून देऊ?”

मी पटकन तिच्या हातावर हात ठेवला. “नको आत्या, चिंच नको लावूस.” चिंचेचा आंबटपणा धातूचा वरचा थर खातो. त्याबरोबर केसासारख्या बारीक रेघाही जातात, आणि मला त्या रेघाच हव्या होत्या. ती थोडी हिरमुसली. देवघरातली पितळी भांडी ती दर गुरुवारी चिंचेनंच घासते.

त्याच देवघरात तांब्याची दोन टोकनं दिसली. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 साल. “याचे लाखो येतात असं तुझ्या आतोबांना कुणीतरी सांगितलं होतं,” आत्या म्हणाली. मला तिला खरं सांगावंच लागलं. कंपनीनं सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी पाडायला सुरुवात केली 1835 ला. रामदरबाराचं 1818 चं कंपनीचं नाणं कधी नव्हतंच. ही भक्तांसाठी पुष्कळ नंतर काढलेली टोकनं आहेत, आणि 1616, 1717 अशी सालंही त्यांच्यावर सापडतात. जुनी नाणी-नोटा घेण्या-विकण्याच्या खोट्या जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेलाही ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर करावं लागलं होतं. आत्यानं ऐकून घेतलं आणि टोकनं परत रामाच्या पायाशी ठेवली. “तिथेच बरी दिसतात,” म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी आम्ही दोघी कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन तलावपाळीला बसलो. अण्णांच्या शाळेबद्दल तिला काही आठवतंय का, ते विचारत राहिले. दोऱ्यापलीकडे काही निघालं नाही.

शनिवार

चरईत एक जुने संग्राहक राहतात. त्यांचं नाव मुद्दाम देत नाही, घरात एवढा संग्रह असताना ते बरं नव्हे. मी त्यांना काका म्हणते. त्यांची नोकरीची सगळी वर्षं वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये डाय बनवण्यात गेली. नाणी पाहणारे पुष्कळ भेटतात, पण नाणं उलट्या बाजूनं, म्हणजे पोलादाकडून पाहणारा माणूस मला एवढाच माहीत आहे.

दहाला गेले. काकूंनी पोहे दिले, आणि हात धुऊन पुसून झाल्याशिवाय काकांनी एकही ट्रे उघडला नाही. आधी त्यांनी माझा बिल्ला घेतला. खिडकीशी गेले, दहापट भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ फक्त कड पाहत राहिले.

“काका, आधी कडच का?”

“आधी खोटं नाही ना ते बघायचं. दोन नाणी घ्यायची, एक आतून कोरून वाटीसारखं करायचं, दुसरं पातळ घासून त्यात बसवायचं. झालं खेचर तयार! जोड कडेच्या आतल्या बाजूला असतो, वर्तुळाकार, केसाएवढा. वाजवलं तर आवाज बद्द येतो.” त्यांनी बिल्ला बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं हलकेच टिचकावला. आवाज स्वच्छ आला, आणि लांबला. “अखंड आहे. आता बोलू.”

मग त्यांनी मला माझ्याच बिल्ल्यावरची एक गोष्ट दाखवली, जी मी कधी पाहिली नव्हती. भोक राजा-राणीच्या डोक्यांवर अगदी मध्यावर आहे. बिल्ला उलटवला की मुकुट मात्र उजवीकडे कललेला, घड्याळाचा काटा बारावरून एकच्या आधी थांबावा तेवढा. “बिल्ला छातीवर लावायचा असतो, दोन्ही बाजू सरळच हव्यात. इथे काट्याची डाय होल्डरमध्ये बसवताना कुणी नीट जुळवलेली नाही. घाई होती.”

आणि रेघ. मुकुटाच्या वर, कडेपासून निघून क्रॉसमधून खाली उतरणारी एक उंच, नाजूक रेघ. ही मला माहीत होती, तीच तर सगळ्या प्रवासाचं कारण. डायला तडा गेला की दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि नगावर उंचवट्याची रेघ उमटते. ओरखडा खोल असतो, तड्याची रेघ वर आलेली असते. डाय चालत राहिली की तडा लांबतो. तो कधी आखूड होत नाही. म्हणून दोन नगांवर तोच तडा असेल तर डाय एकच, आणि ज्याच्यावर तडा आखूड तो आधी पाडलेला.

काका यावर खूप बोलले आणि मी वहीत भराभर लिहून घेत होते. पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवून कडक करताना, थोडं जरी जास्त झालं तरी डाय कडक होते पण ठिसूळही होते. पाणी कमी पडलं तर तडकत नाही, पण दबते, अक्षरं बसतात. तडा कुठून फुटेल हेही ते सांगू शकतात. “कोपरा तिथे ताण. क्रॉसची टोकं, सातचा आकडा, एकचा पाय, अशा ठिकाणी. गोल गालावर तडा जात नाही सहसा.” बोलताना त्यांचा अंगठा टेबलाच्या कोपऱ्यावर फिरत होता.

जोड्या बदलण्याची गोष्ट त्यांना नवी नव्हतीच. त्यांचा जीव 1862 च्या रुपयांवर आहे. टांकसाळींनी ते साल 1874 पर्यंत तसंच ठेवलं, आणि मुंबईच्या टांकसाळीनं काट्यावर बारीक ठिपके देऊन वर्षं वेगळी केली. राणी व्हिक्टोरियाच्या छाप्याचे अ आणि ब असे प्रकार, काट्याचे वेगळे, त्यांच्या कोणत्या जोड्या झाल्या याचे काकांनी स्वतः आखलेले तक्ते आहेत. इंग्लंडात 1790 च्या दशकात तर खासगी टोकनांचं पीकच आलं होतं. लंडनचा पुस्तकविक्रेता थॉमस स्पेन्स आपल्याकडच्या डाय वाटेल तशा एकमेकींशी लावायचा, त्यातून एवढ्या जोड्या तयार झाल्या की संग्राहक अजून मोजताहेत. अशा मुद्दाम केलेल्या खेचरांबद्दल मला ओढ वाटत नाही. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून जमवलेली जोडी आणि कारखान्यातल्या एका अडचणीच्या दिवशी जमलेली जोडी यांत फार फरक आहे. काकांना तो फरक मान्य नाही. “डायला काय कळतं कुणी का लावली,” म्हणाले.

दुपारी त्यांनी एडवर्डचा ट्रे काढला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनी नाण्यांवर हा राजा कधी आलाच नाही. कच्छ संस्थानानं मात्र 1936 ला त्याच्या नावाच्या कोरी, म्हणजे तिथली नाणी, पाडल्या. त्यातलं पाच कोरींचं चांदीचं नाणं काकांनी आधी हातात दिलं, फारसी अक्षरांत एडवर्डचं नाव, दुसऱ्या बाजूला महाराव खेंगारजी. नंतर ओळीनं नऊ बिल्ले. सहा वेगळ्या आकाराचे होते. दोघांवर मुकुट वेगळा. शेवटचा 28 मिलिमीटरचा, पितळेचा, भोकाचा. छाप्यावर एडवर्ड. उलटवला. तोच मुकुट, तीच तारीख, आणि कडेपासून निघालेली रेघ.

मी भिंग धरलं होतं तरी काही सेकंद मला नीट दिसेना. मग मोजायला लागले. कडेपासून क्रॉसच्या वरच्या टोकापर्यंत. तिथे थांबली. माझ्या बिल्ल्यावर हीच रेघ क्रॉस ओलांडून मुकुटाच्या खालच्या पट्टीपर्यंत येते.

म्हणजे डाय एकच. एडवर्डचा बिल्ला आधीचा, माझा नंतरचा.

“आता सहावा जॉर्ज पाहायला हवा,” मी म्हटलं.

“डुप्लिकेटच्या डब्यात असेल. डबा माळ्यावर आहे. मुलगा उद्या येतो, त्याला काढायला लावतो.”

रविवार

ट्रान्स हार्बर लोकलनं वाशीला गेले. रविवार असल्यानं खिडकी मिळाली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, आणि बराच वेळ डाव्या हाताला पारसिकचा डोंगर. स्टेशनपासून जवळच एका हॉलमध्ये डीलर मंडळींनी टेबलं मांडली होती. अशा ठिकाणी गर्दी चांदीच्या रुपयांभोवती आणि नोटांच्या फॅन्सी नंबरांभोवती असते. बिल्ले-टोकनं टेबलाखाली, प्लॅस्टिकच्या टबात, नगावर एकच भाव. मी त्या टबांशी खाली बसले ते जवळजवळ दोनपर्यंत.

टबात काय नव्हतं! आसामच्या चहामळ्यांची टोकनं, गिरण्यांचे हजेरीचे बिल्ले, 15 ऑगस्ट 1947 चे पत्र्याचे जयहिंद, भोक बुजवलेली दरबारी पदकं. बोटं काळी झाली. दोन शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, निघाल्या, त्यातली एक दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांची, आणि त्या दोन्हींवर ठसा इतका सरकलेला की ‘छत्रपती’तली मोजकीच अक्षरं चकतीवर बसली होती. हातानं घाव घालून पाडलेल्या नाण्यात हे असंच असतं. घेतल्या, विषयाला सोडून असल्या तरी.

तिसऱ्या टबात रौप्यमहोत्सवाचा बिल्ला मिळाला, 28 मिलिमीटर, राजा-राणी तशीच एकामागे एक, मागे 1910–1935. किंमत किरकोळ. मी तिथेच अण्णांचा बिल्ला शेजारी ठेवला. आराखडा तोच, पण डाय ती नव्हे. माझ्याकडे मेरीच्या मुकुटातला शेवटचा मणी इंग्रजी ‘मेरी’तल्या पहिल्या अक्षराच्या, M च्या, मधल्या खाचेवर येतो, यावर तो डाव्या पायावर. हातानं ठोकलेली अक्षरं दोन डायवर तंतोतंत एका जागी येत नाहीत. म्हणजे ही माझ्या छाप्याची सख्खी बहीण नाही, चुलत म्हणता येईल.

याच हॉलमध्ये मला सहावा जॉर्जही दिसला, आणि तेच मनाला लागलं. 28 मिलिमीटर, मुकुट, तारीख, सगळं हवं तसं. फक्त तो आरशासारखा चकाकत होता. कुणीतरी बफिंगच्या चाकावर धरला होता. अक्षरांच्या कडा गोल झालेल्या, क्रॉसची टोकं वितळल्यासारखी, आणि रेघ असलीच तर पार पुसलेली. “ताई, किती छान चमकतोय बघा,” टेबलामागचा मुलगा मनापासून म्हणाला. तो नवा होता, त्याला दोष कसला द्यायचा? मी त्याला रेघेबद्दल सांगितलं, भिंग दिलं, माझा बिल्ला दाखवला. त्यानं तो बराच वेळ पाहिला आणि टबातले न घासलेले नग वेगळे काढायला लागला. तो चकाकता जॉर्ज घ्यावासा वाटला नाही. आधी न घासता कुणीतरी 80 वर्षं जपलेला असणार तो, आणि एका दुपारी दोन मिनिटांत त्याच्यावरचं सगळं लिहिलेलं गेलं.

परतीच्या गाडीत उभीच होते. रात्री आत्यानं विचारलं, “सापडलं?” अर्धं, असं सांगितलं. तिनं वरण-भात वाढला आणि म्हणाली, “अण्णांनी हा बिल्ला कधी घासू दिला नव्हता, आत्ता आठवलं. आईवर ओरडले होते एकदा.”

सोमवार

नऊला काकांचा फोन आला. डबा खाली उतरला होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत कागदाच्या पुड्या. काका आणि मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून पुड्या सोडत बसलो. सहाव्या जॉर्जचे 28 मिलिमीटरचे तीन नग निघाले. पहिल्या दोघांवर रेघच नव्हती, कारण त्यांचा काटा वेगळ्याच डायचा, सातच्या आकड्याला खाली शेपटी असलेला. तिसऱ्या पुडीतला हिरवट काळा पडलेला, बहुतेक कधी ओलीत राहिलेला. काकांनी त्याला काही लावलं नाही. दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च टेबलाच्या पातळीला आडवा धरला. तिरप्या उजेडात उंचवट्यांच्या सावल्या पडतात.

रेघ कडेपासून क्रॉसमधून, मुकुटाच्या पट्टीतून, सरळ खाली 1937 च्या सातपर्यंत गेलेली होती.

आम्ही तिघांना ओळीनं ठेवलं. एडवर्ड, रेघ क्रॉसच्या टोकापर्यंत. अण्णांचा बिल्ला, पट्टीपर्यंत. सहावा जॉर्ज, सातपर्यंत. म्हणजे एडवर्डचे बिल्ले पाडून झाले, मग माझा पाडला गेला, आणि नंतर सहाव्या जॉर्जचे.

मला यातून जे दिसतं ते असं: डिसेंबर 1936 मध्ये एडवर्डची डाय एका दिवसात निकामी झाली. नव्या राजाची डाय अजून कोरून यायची होती, काट्याची डाय तयार होती, ऑर्डरी अंगावर होत्या. कुणीतरी रॅकवरून 1935 ची जुनी डाय काढून लावली, घाईत, म्हणून मुकुट कललेला. काका म्हणाले, “किंवा नवी डाय लावण्याआधी प्रेस सेट करायला हाताला लागेल ती लावून पाहतात, तसंही असेल. आम्ही करायचो. ते नग भंगारात टाकायचे असतात.” मग भंगारातला एक नाशिकच्या शाळेपर्यंत कसा आला? त्यावर काका नुसते हसले आणि काकूंना चहा ठेवायला सांगितलं.

मी तिन्हींचे दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. काका तिसरा नग मला द्यायला निघाले होते. मी घेतला नाही. एडवर्ड आणि तो एकाच घरात राहायला हवेत, नाहीतर पुढे कुणाला हे पडताळता येणार नाही. त्यांनी ते पटवून घेतलं, दोन्हींना नवे होल्डर लावले आणि आपल्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं: “तडा, क्रॉसपर्यंत”, “तडा, सातपर्यंत”. मध्ये एक रिकामा होल्डर ठेवला, त्यावर “तडा, पट्टीपर्यंत. नग नाशिकला.”

“आणि तुझ्या छाप्याची आई?” दारात चपला घालताना त्यांनी विचारलं.

ती अजून मिळायची आहे. मेरीच्या मुकुटातला शेवटचा मणी अक्षराच्या खाचेवर असलेला 1935 चा बिल्ला. आत्यानं ही खूण तिच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना सांगायची कबूल केली आहे, आणि चिंच लावू नका हेही. संध्याकाळच्या पंचवटीत कसारा घाट येईपर्यंत फोटो पाहत होते. आत्यानं डब्यात थालीपिठं दिली होती, आणि बिल्ल्यासाठी नवा काळा दोरा. तो मी ओवला नाही, कापडाच्या घडीत बिल्ल्याशेजारी ठेवला.